भरलेली पेटी

तो पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा त्याच्या हातातल्या बॅटरीच्या पेटीला जळका वास येत होता आणि चेहरा दूध सांडलेल्या मुलासारखा झाला होता.

“ही घरमालकांनी तुमच्याकडून आणलेली... बंद पडली,” तो म्हणाला.

“आपोआप?” तिने विचारलं.

“तसं... जवळजवळ आपोआप.”

तिने पेटी काउंटरवर आडवी केली, मागचं झाकण उघडलं आणि काळा पडलेला फ्यूज चिमटीत धरून त्याच्या नाकासमोर आणला. “आपोआप जळालेला फ्यूज मी अजून पाहिला नाही. काय जोडलं होतं हिला?”

“माझा जुना इन्व्हर्टर आहे. छोटासाच.”

“आणि तारा उलट्या जोडल्या.”

त्याने झाकण उचलून उलटसुलट पाहिलं.

“लाल तार लालला, काळी काळीला. झाकणावर चित्रसुद्धा काढलंय.”

“अंधार होता हो,” तो हळूच म्हणाला.

“अंधार असतो म्हणूनच तर लोक पेटी नेतात!”

रांगेत मागे उभे असलेले शिंपीकाका खो खो हसले. माणूस नवीन, तेव्हा चौकशी आलीच. कामाला कुठं, म्हणून त्यांनी विचारलं. त्याने आधी छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. “गावाबाहेर ते नवं आवार बांधतायत ना... मोठ्या बॅटऱ्यांचं. तिथं.”

“अरे वा! तिथं काय करता?”

“जोडणी,” तो म्हणाला. आणि आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही हे कळून त्याने वाक्य पुरं केलं, “म्हणजे... जोडण्या बरोबर आहेत का ते तपासतो.”

सगळी रांग हसली. ती तर इतकी हसली की नवा फ्यूज बसवताना तिचा स्क्रू खाली पडला. तो त्यानेच वाकून शोधून दिला. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं ते फ्यूजवाले. संध्याकाळी घरी ही हकिगत ऐकल्यावर तिची आत्या म्हणाली, “लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!” आणि आत्यापुरतं त्या नावातलं ‘वाले’ही गळून पडलं. ती त्याला नुसतं फ्यूज म्हणायला लागली.

गावाचं दुखणं मोठं चमत्कारिक होतं. माळावरच्या सौर पट्ट्यांमुळे भर दुपारी वीज उतू जायची, तेव्हा ती कोणाला फारशी नको असायची. आणि सूर्य मावळला, पोरं अभ्यासाला बसली, चुली-शेगड्या पेटल्या, की अंधार. नेमका दिवेलागणीलाच. दुपारचं जास्तीचं साठवून ठेवायला गावाकडे काही नव्हतंच. म्हणून तिचं दुकान चालायचं. दुकानाच्या छतावर तिच्या स्वतःच्या पट्ट्या होत्या, आत भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर हँडलवाल्या पेट्या दिवसभर ऊन पीत बसलेल्या असायच्या. रिकामी पेटी ठेवायची, भरलेली उचलायची. एका पेटीवर दोन दिवे, एक पंखा आणि घरातले सगळे फोन सहज निघायचे. लोक तिला उजेडताई म्हणायचे.

नाव मोठं छान होतं. पण उजेडताईपाशी थांबायला कोणाला वेळ नव्हता. पेटी ठेवा, पेटी उचला, “बरंय ताई!” की निघाले. त्यांची चूक नव्हती. घरी वाट बघणारी माणसं होती त्यांना. दुकानाला कुलूप लावून ती घरी निघायची तेव्हा गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांत तिच्याच पेट्यांचा उजेड असायचा, आणि प्रत्येक खिडकीआड कोणीतरी कोणाशी तरी बोलत असायचं. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. होत नाही. ते कोणाला सांगायची सवय तेवढी जाते.

घरी आत्या होती. वडिलांनी मुलं वाढतील तशा खोल्या वाढवत नेल्या होत्या. मग वडील गेले, आई गेली, दोन्ही भाऊ नोकरीपाठी लांबच्या शहरांत गेले, आणि खोल्या तेवढ्या मागे राहिल्या. दोघी स्वयंपाकघरात आणि शेजारच्या खोलीत, एका पेटीच्या उजेडात राहायच्या. भावांनी बोलावून पाहिलं होतं. आत्याचं उत्तर ठरलेलं: “या घरातून मी चौघांच्या खांद्यावरूनच निघेन.” त्यावर काय बोलणार? भाऊ फोनवर जेवलीस का म्हणून विचारायचे, ती जेवले म्हणायची, आणि बोलणं संपायचं.

अशा दिवसांत हा माणूस रोज संध्याकाळी रांगेच्या अगदी शेवटी उभा राहू लागला. पुढे जागा असली तरी मागच्यांना “तुम्ही घ्या, तुम्ही घ्या” म्हणत सोडायचा. सगळे गेले की काउंटरवर कोपर टेकून थोडा वेळ बोलायचा. फार काही नाही. आज आवारात अमुक पेटारा आला, तमुक केबल आखूड निघाली. कधी तिच्या खोचलेल्या पेन्सिलीकडे बघून, “ती केसांत विसरलात की मुद्दाम?” एवढंच.

“तुम्ही मला काय म्हणून हाक मारता हो?” तिने एकदा विचारलं. “कधी ऐकलं नाही.”

“अहो म्हणतो की.”

“सगळे उजेडताई म्हणतात.”

“म्हणू देत. मी नाही म्हणणार.”

“का?”

“गावात तुम्हाला एवढे भाऊ आहेत,” तो पेटी उचलत म्हणाला, “एखादा कमी पडला तर चालेल.”

आणि गेला! ती बराच वेळ हातातलं फडकं त्याच त्या फळीवरून फिरवत राहिली. फळी अगदी लख्ख झाली.

मग एक वाईट आठवडा आला. आभाळ गच्च भरून राहिलं, ना पाऊस ना ऊन, आणि पट्ट्या नुसत्या नावाला छतावर. फळ्यांवरच्या पेट्यांचे दिवे लालाचे हिरवे होईनात. लोक चिडले. आपल्याआधी शेजारच्याला कशी मिळाली यावरून दोन जुन्या मैत्रिणी दुकानात कडाकडा भांडल्या. तेवढ्यात दवाखान्यातली नर्स धावत आली. लसींचा फ्रिज बंद पडत आला होता. तिला एक तरी भरलेली पेटी हवी होती, आत्ताच्या आत्ता.

एकही नव्हती. उजेडताईने उगाच एक आशा म्हणून, लोकांनी नुकत्याच परत आणून टाकलेल्या पेट्यांना मीटर लावून पाहिला. पहिली रिकामी, दुसरी रिकामी, आणि तिसरी... जवळजवळ पूर्ण भरलेली. मीटर बिघडला की काय म्हणून तिने तो आपटून पुन्हा लावला. भरलेलीच. नर्स पेटी घेऊन पळाली, आणि ती मात्र मीटर हातात धरून उभी राहिली. कारण ती पेटी कोणी आणून ठेवली होती ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी रांग संपेपर्यंत तिने तोंडातून शब्द काढला नाही. मग म्हणाली, “थांबा जरा. काल तुम्ही आणलेली पेटी भरलेली होती.”

“असेल.”

“परवाचीही?”

“परवाची... थोडी कमी असेल. फोन लावला होता.”

“दिवे लावत नाही तुम्ही? मग घरी करता काय?”

“बसतो,” तो म्हणाला. “एकट्या माणसाला दिवा कशाला? घास बरोबर तोंडातच जातो, नाकात नाही जात.”

ती हसली, आणि अर्ध्यातच तिचं हसू थांबलं. भाड्याच्या खोलीत, अंधारात, भरलेली पेटी शेजारी ठेवून जेवणारा माणूस तिला डोळ्यांसमोर दिसला. कसं वाटत असेल ते तिला कोणी सांगायला नको होतं.

“मग पेटी नेताच कशाला?” तिने विचारलं.

तो फळ्यांकडे बघत राहिला, नंतर तिच्याकडे. “नेली नाही तर परत काय घेऊन येऊ?”

कानशिलं तापली तिची. आणि माणूस घाबरला की करतो तेच तिने केलं... रागावली. “हे बघा, इथं उन्हाचे हाल आहेत. भरलेल्या पेट्या अडवून ठेवायच्या, हे मला चालणार नाही. रिकामी झाल्याशिवाय आणायची नाही. नियम म्हणजे नियम.”

“बरं,” तो म्हणाला. सरळ माणूस. त्याने नियम पाळला.

त्या संध्याकाळनंतर तो आलाच नाही. आभाळ उघडलं, पेट्या भरभर भरायला लागल्या, रांगा आखूड झाल्या. रांग संपली की तिची मान आपोआप दाराकडे वळायची, तिथं गल्लीतला मरतुकडा कुत्रा सोडून कोणी नसायचं. पूर्वीही संध्याकाळी अशाच जायच्या. पण पूर्वी त्या रिकाम्या आहेत हे जाणवावं असं कोणी येऊन गेलेलं नव्हतं. आता घरी जाताना खिडक्यांतले आवाज तिला नकोसे व्हायला लागले. ती लांबच्या, घरं नसलेल्या रस्त्याने जायला लागली.

“स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलास,” आत्या ताट वाढताना म्हणाली.

“मी काय केलं?”

“केलंस नाही, तेच म्हणते. जेव.”

शेवटी तो दिसला तो भाजीवाल्यापाशी. कांदे निवडत होता, तेही इतक्या काळजीने की प्रत्येक कांद्याशी त्याचा जुना घरोबा असावा. ती सरळ जाऊन शेजारी उभी राहिली.

“पेटी संपली नाही का अजून?”

त्याच्या हातातला कांदा घरंगळला. “नाही. जपून वापरतोय. नियम...”

“असं नाही चालत,” ती म्हणाली. पुढे काय बोलणार होती ते तिला स्वतःलाच माहीत नव्हतं, पण तोंडाने वेळ निभावून नेली. “भरलेली पेटी घरात पडून राहिली की बिघडते.”

आता गंमत अशी, की असल्या पेट्या महिनोन्महिने ठेवल्या तरी त्यांना काही होत नाही. बॅटऱ्यांचं दुकान चालवणाऱ्या तिला हे माहीत होतं. बॅटऱ्या तपासण्यावर पोट भरणाऱ्या त्याला तर तिच्याहून जास्त माहीत होतं. त्याने कान खाजवला.

“हो का?” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “बरं झालं सांगितलंत. हे मला ठाऊक नव्हतं. साधारण किती दिवसांत बिघडते?”

“एका दिवसात.”

“बापरे!” तो म्हणाला. “मग रोजच आणायला हवी.”

भाजीवाला या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. कांदे तोलायचे की नाहीत, ते त्याला कोणी सांगेना.

त्यानंतरचे दिवस तिच्या आयुष्यातले सगळ्यात चांगले होते, असं म्हटलं तर त्यात काही खोटं नाही. तो रोज यायचा. पेटी रोज भरलेलीच असायची, आणि ती रोज मीटर लावून “अरेरे, उतरली आहे” म्हणायची. हळूहळू तो रांगेच्या आधीही यायला लागला, शिंपीकाकांची जड पेटी त्यांच्या घरापर्यंत पोचवायला लागला. एकदा आत्याने त्याला चहाला बोलावलं आणि चांगला उभा-आडवा तपासला. आई-वडील नाहीत, एक बहीण होती तिच्याशी बोलणं तुटलेलं, कामानिमित्त गावोगाव फिरणं. “घर कुठं म्हणायचं तुमचं?” आत्याने विचारलं. “पत्ता आहे,” तो हसून म्हणाला, “घर असं नाही.” आत्याने न विचारता त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

एका दुपारी तो तिला आवार दाखवायला घेऊन गेला. कुंपणाच्या आत पांढऱ्या मोठ्या पेटाऱ्यांच्या रांगाच रांगा उभ्या होत्या, एकेक पेटारा तिच्या दुकानाएवढा. सगळे एका सुरात गुणगुणत होते. एका पेटाऱ्याच्या पंख्यातून गरम हवा येत होती. त्याने तिला तिथं उभं केलं.

“हात धरा इथं. आत्ताचं ऊन आत चाललंय. संध्याकाळी हेच बाहेर काढायचं. गावभर.”

तिने पंख्यासमोर हात धरला. तिच्या फळ्यांवर जे काम पेटीपेटीने चालायचं, तेच हे. पण केवढं! तिला मनापासून आनंद झाला. डोळ्यांत पाणी यावं एवढा. वर्षानुवर्षं लोकांची चिडचिड तिने पाहिली होती. आणि आनंदाच्या पाठोपाठ, पाहुण्याबरोबर न सांगता दुसरा पाहुणा यावा तसं, ते दुसरंही आलं.

“म्हणजे माझं दुकान...” ती म्हणाली.

“मी त्याचा विचार केलाय,” तो घाईने म्हणाला. त्याने तिला आतल्या खोलीत नेलं, भिंतीवरचे पडदे दाखवले, कुठल्या पेटाऱ्यात किती साठा आहे ते सांगणारे आकडे दाखवले. “इथं देखरेखीला गावातलंच माणूस हवंय. बॅटऱ्यांची नस कळणारं. मी तुमचं नाव सुचवलंय. मोठ्या साहेबांनाही पटलंय. पक्की नोकरी आहे.”

“खरंच?”

“खरंच!” त्याचा चेहरा किती फुलला होता तेव्हा.

“आणि तुम्ही?” तिने विचारलं.

त्याने एका पडद्यावरची धूळ उगाचच बोटाने पुसली. “मी... इथलं सुरू झालं की माझं काम संपतं. पुढचं गाव डोंगरापलीकडे आहे. तिथं अजून पायाही खणलेला नाही. असंच असतं माझं. उजेड झाला की मी निघतो.”

“छान,” ती म्हणाली. परतीच्या वाटेवर त्याने दोनतीनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि दोनतीनदा मिटलं. ती रस्त्याकडे बघत चालत राहिली. भाऊ गेले तेव्हाही असंच झालं होतं. जाणारा माणूस तिची सगळी सोय लावून जायचा, स्वतःला तेवढं बरोबर घेऊन जायचा.

आणि मग ती संध्याकाळ आली. आवार सुरू झालं.

सूर्य मावळला. अंधार पडायच्या वेळी सगळं गाव सवयीने श्वास रोखून थांबलं... आणि वीज गेली नाही. दिवे तसेच. पंखे तसेच. थोड्या वेळाने लोक घराबाहेर यायला लागले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. शिंपीकाका रस्त्याच्या मधोमध उभे राहून आपल्याच खिडकीकडे बघत होते.

“उजेडताई! अगं गेलीच नाही! वीज गेलीच नाही!” त्यांनी लांबूनच हात हलवला.

“हो काका!” तिनेही हात हलवला.

ते तसेच आत गेले. तिच्या मागे भिंतभर पेट्या, सगळ्यांचे दिवे हिरवे. एकही माणूस आलं नाही. यावं तरी कशाला? गरज सरो, वैद्य मरो, असं आत्या म्हणाली असती, पण तिला कोणाचा राग नव्हता. तिला फक्त एकटं वाटत होतं. या दुकानात, या गल्लीत, इतकं एकटं तिला यापूर्वी कधीच वाटलं नव्हतं. आजवर माणसं दोन मिनिटांसाठी का होईना यायची. आता तीही येणार नव्हती. आणि जो पेटीसाठी नव्हे, तिच्यासाठी यायचा, तो सकाळी डोंगरापलीकडे जाणार होता.

ती उठली. कुलूप लावलं आणि आवाराच्या रस्त्याला लागली. ती एवढ्या झपझप चालत होती की वाटेत दोघांनी कोणी आजारी आहे का म्हणून विचारलं.

तो फाटकापाशी बाहेरच उभा होता, गावाच्या दिव्यांकडे बघत. तिला पाहून त्याने हात पँटला पुसले.

“पाहिलंत?” तो म्हणाला. “टिकली! आणखी बराच वेळ टिकेल. तुम्ही उद्यापासून...”

“तुमची नोकरी मला नको.”

“का?”

“माझी सोय लावून निघालात. पोरीचं लग्न उरकलं की बाप मोकळा होतो तसे.”

तो गोंधळला. “मला वाटलं... तुम्हाला काहीतरी देऊन जावं.”

“जावं, हे कोणी ठरवलं?”

पेटारे गुणगुणत राहिले. तिला धाप लागली होती, पण आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही हे तिला कळत होतं.

“तुमच्या त्या गावात संध्याकाळी लोक काय करतात?”

“मेणबत्त्या. कंदील. ज्याला परवडतं त्याचा जनरेटर.”

“आणि आवार उभं राहायला?”

“वर्ष. दीड वर्षही लागेल.”

“मग तिथं माझं काम आहे,” ती म्हणाली. “पट्ट्या आहेत, पेट्या आहेत, सगळ्या भरलेल्या आहेत. इथं त्यांना आता कोणी विचारत नाही. हे झालं एक. आणि दुसरं...” तिने श्वास घेतला. “दुसरं म्हणजे मला तुम्ही आवडता. याचा पेट्यांशी काही संबंध नाही. हे वेगळं.”

त्याने फाटकाची कडी उगाचच लावली, पुन्हा काढली.

“मी रोज विचारायचं ठरवून यायचो. रोज. रांगेत उभं राहून मनात पाठ करायचो. आणि पेटी घेऊन परत जायचो.”

“मग विचारायचं की!”

“कसं विचारू? सगळं गाव तुमच्यावर चालतं. गाव सोडून माझ्याबरोबर चला, असं कोणत्या तोंडाने म्हणू?”

“गाव आज माझ्यावाचून चाललं,” ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

त्याने तिचा हात धरला. दोघांनाही पुढे काय करायचं असतं ते माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी तो तसाच धरून ठेवला. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “पण एक सांगून ठेवते. आत्या नाही म्हणाली तर मी येणार नाही. मागं राहणं काय असतं ते मला कळतं. तिला मी तसं ठेवणार नाही. आणि ती नाहीच म्हणणार आहे. तेव्हा हे सगळं बोलणं फुकट जाईल बहुतेक.”

“जाऊ दे,” तो म्हणाला. “फुकट गेलं तरी मला ऐकायला मिळालं.”

दोघं घरापाशी आले तेव्हा ती दारातच थबकली. घराच्या झाडून सगळ्या खिडक्या उजळल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या भावांच्या खोल्या, वडिलांची खोली, अडगळीची खोलीसुद्धा. आत्याने सापडेल ते बटण दाबलं होतं. स्वतः मात्र खाली, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, हात मांडीवर ठेवून.

“आत्या! काय झालं गं?”

“कुठं काय. घर बघून आले.” आत्याचा नेहमीचा खणखणीत आवाज कुठं गेला होता कोण जाणे. “रोज आपण त्या एवढ्याशा उजेडात बसायचो ना, तेव्हा वाटायचं, पलीकडे अंधारात घर आहे. भरलेलं. दिसत नाही एवढंच. आज दिवे राहिले, म्हणून म्हटलं एकदा सगळीकडे लावून बघू. खोली न् खोली फिरले.” ती थांबली. “कोणी नाही गं. एवढं मोठं घर, आणि कोणीच नाही.”

ती आत्याशेजारी पायरीवर बसली. तिने आत्याचा हात धरला आणि होतं ते सगळं सांगून टाकलं. गाव, डोंगर, पेट्या, नोकरी नको म्हटलेली... आणि ते वेगळंही. दारात तो चपला न काढता अवघडून उभा होता. आत्या ऐकत राहिली. मध्ये एकदाही तिने टोकलं नाही, म्हणून तर जास्तच भीती वाटत होती. सगळं ऐकून झाल्यावर तिने मान वर केली.

“अहो फ्यूज, त्या गावात घरं भाड्याने मिळतात का?”

“मि... मिळतात.”

“लहान बघा. एका खोलीतून हाक मारली की दुसऱ्या खोलीत ओ यावी, एवढंच. मोठं मुळीच नको.”

“बघतो. दोघींना पुरेल असं...”

“दोघींना?” आत्याचा आवाज जागेवर आला. “आणि तुम्ही काय, रस्त्यावर तारा तपासत बसणार? तिघांना पुरेल असं बघा. आणि कान देऊन ऐका. आधी लग्न, मग टेम्पो.”

तो दारातच खाली बसला. चपला काढायला लागला. तिला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदमच. एवढ्या लख्ख उजेडात, दोघांच्या देखत, आणि तिने तोंड लपवलं नाही.